ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा

मी मोडी वाचतो. पानाला साठ रुपये.
बांधाचे वाद, देवस्थानचे इनाम,
कुणाचा पणजोबा दत्तक होता की नव्हता,
शहरातली अर्धी भांडणं माझ्या चष्म्यातून गेलीत.

यंदा गंगावेशीकडच्या एका वाचनालयाचा निरोप आला.
‘चार मोठी माणसं, चौघंही एकाच सालातली,
आणि चौघंही आपल्याच पेठेतली!
फलक लावायचाय. तारखा तेवढ्या काढून द्या,’
सेक्रेटरी म्हणाले, ‘पाणीच तसं आहे बघा इथलं.’

पहिला सुबराव हिरुगडे, ज्यानं उत्तरेतल्या मल्लाला
पाऊण तास झुलवला आणि मग ढाक लावली.
नेमगोंडा मगदूम, ज्यानं पोरांसाठी बोर्डिंग काढलं
आणि स्वतः जन्मभर एकभुक्त राहिला.
वासुदेव आठल्ये नाटकाचे पडदे रंगवायचा.
त्याच्या पडद्यावरच्या तळ्यात म्हणे
एक म्हातारी पाय धुवायला निघाली होती.
आणि इमाम शिकलगार, वस्तऱ्याला धार लावता लावता
ज्याला पेटीचे सूर घासून सरळ करता यायला लागले.

शाळेचं रजिस्टर कडेनं वाळवीनं खाल्लेलं.
चार ओळी एकाखाली एक, एकाच दौतीतल्या :
वय अजमासे आठ.
वय अजमासे आठ.
वय अजमासे आठ.
चौथ्याला मास्तर कंटाळले, लिहिलं : सदर.
जन्म, ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा, शके सतराशे शहाण्णव.
त्याच्याखाली सदर, सदर, सदर.

मला हसूच आलं.
माझी जन्मतारीख एक जून.
बायकोची एक जून. आमच्या वर्गात एकतीस जण एक जूनचे.
आई सांगायची, तू झालास तेव्हा शेंगा काढायला आल्या होत्या,
मोरी म्हैस व्याली होती, दुसऱ्या दिवशी जोतिबाचे खेटे होते.
मास्तर म्हणाले, बरं, एक जून.

म्हणजे साल एक नव्हतंच. सकाळ एक होती.
इन्स्पेक्टर यायचा होता, पट भरायचा होता,
केरोपंत मास्तरांनी हाताला लागतील ती पोरं आत घेतली.
कुणी सहाचा असेल, कुणी दहाचा,
सुबराव तर अंगानं बाराचा वाटला असेल.

आता राहिला शेऱ्याचा रकाना.
तो वाचायचे पैसे कुणी देत नाही, तरी वाचतो मी. सवय.
सुबरावच्या ओळीपुढं, मुंगीएवढ्या अक्षरात :
‘बहीण म्हैस घेऊन दारात उभी. पोरगा बाहेर बघतो.
बहिणीस अंक येतात असे दिसते.’

भिंग लावून पुन्हा वाचलं. अंकच.
तिचं नाव नाही. वय नाही, अजमासेसुद्धा.
पुढच्या पानावर केरोपंतांची बदली.

मग तालमीत गेलो. माळ्यावर पोतं, पोत्यात
सुबरावच्या खुराकाची वही.
सुरुवातीला कुणा कारकुनाचा हात : दूध, बदाम, तूप.
मध्येच हात बदलतो.
तिथून पुढं चाळीसेक पानं एकही अक्षर नाही.
दुधाच्या जागी दोन शिंगं,
बदामाच्या जागी डोळा,
आणि पुढं अंक. सुबक, ठसठशीत,
बेरजा सगळ्या बरोबर. मी मोबाईलवर करून बघितल्या.
एका पानावर नुसती शिंगं, त्यावर आडवी रेघ,
आणि पुढं शून्य.
त्या दिवशी काय झालं, कळत नाही.
म्हैस मेली असेल. विकली असेल.

सेक्रेटरींना सांगितलं सगळं.
ते म्हणाले, छान आहे हो, पण शेरा फलकावर बसत नाही.
पेंटर अक्षरावर पैसे घेतो.
आणि तिचं नाव काय लिहायचं?

तेही खरंच.
चौघांची तारीख लिहून दिली,
तीच, चार वेळा. सदर लिहिलं असतं तर त्यांना चाललं नसतं.

रात्री गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायलो.
धार काढणारा पोरगा तोंडातल्या तोंडात
मापं मोजत होता. मीही मोजत राहिलो,
अकरापर्यंत, मग त्यानं म्हैस बदलली.

घरी येऊन बिल केलं :
पानं दोन, रुपये एकशे वीस.
तालमीची वही धरली नाही.
तिच्यात वाचायला अक्षर कुठं होतं.